छपाई डिजिटलवर की ऑफसेटवर? पहिल्यांदा काम छापून घेणाऱ्यांसाठी

आमच्या जळगाव-धुळ्याकडे ‘डिजिटल’ म्हटलं की निम्म्या लोकांच्या डोळ्यांसमोर चौकातला फ्लेक्स येतो. ‘वाढदिवसाचं डिजिटल लावायचंय’ म्हणत माणूस काउंटरवर येतो आणि आपण त्याच्यापुढे आर्ट पेपरचा नमुना ठेवला की गोंधळतो. फ्लेक्सही डिजिटलच, पण त्याचं मशीन वेगळं, शाई वेगळी, हिशेब चौरस फुटावर. तो विषय इथं नाही. इथं बोलतोय ते कागदावरच्या डिजिटल छपाईबद्दल: पत्रिका, पत्रक, लेबल, प्रमाणपत्र, छोटं पुस्तक.

मी या धंद्यात डीटीपी करत करत आलो. पहिल्यांदा काम घेऊन येणारी माणसं जे विचारतात, आणि जे विचारायला हवं ते विचारत नाहीत, त्यावरून हे लिहितोय.

आधी दोन्ही मशीनं काय करतात ते समजून घ्या

ऑफसेटला प्लेट लागते. रंगीत कामाला चार रंगांच्या चार: निळा (सायन), मजेंटा, पिवळा, काळा. प्लेटच्या कोऱ्या भागावर पाणी धरतं, मजकुराच्या भागावर शाई धरते. ती शाई आधी रबरी ब्लँकेटवर उतरते आणि तिथून कागदावर. चार रंग एकमेकांवर बरोबर बसेपर्यंत, शाई-पाण्याचं जमेपर्यंत मशीनमन कागद खराब करत राहतो. हा सगळा खर्च पहिली चांगली प्रत निघण्याआधीच झालेला असतो. पुढे मात्र मशीन धावायला लागलं की प्रत्येक प्रत स्वस्त.

डिजिटलला प्लेट नाही. ड्रमवर विजेच्या भाराने चित्र उमटतं, त्याला टोनरची भुकटी चिकटते, ती कागदावर जाते आणि गरम रोलरखाली वितळून बसते. तहसील कचेरीसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे जे मशीन असतं, त्याचीच ही मोठी भावंडं. चेस्टर कार्लसनने २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कमधल्या अ‍ॅस्टोरियात पहिली कोरडी नक्कल काढली, तेव्हाची युक्ती आजही तीच. पहिली प्रत आणि पाचशेवी प्रत यांचा खर्च साधारण सारखाच, कारण मशीनवाल्याला दर छापाचा ‘क्लिक’, म्हणजे त्या छापाचा आकार, मोजावा लागतो. आणि प्रत्येक छाप नव्याने उमटत असल्यामुळे दुसरी प्रत पहिलीसारखीच असली पाहिजे असं बंधन नसतं. याचा फायदा पुढे येईलच.

पायरी १: घरातून बाहेर किती जातील ते मोजा

‘एक पत्रिका कितलामा पडी?’ हा आमच्याकडचा पहिला प्रश्न. प्रश्न बरोबर आहे, जागा चुकीची आहे. एका नगाचा भाव शेवटी विचारा. आधी कागद-पेन घेऊन यादी करा.

लग्नाचं घ्या. ‘हजार छापा’ असं वडीलधारे सवयीने म्हणतात. मी यादी करायला लावतो: गावात माणशी नव्हे, घरटी एक, पाहुण्यांची गावं, ऑफिस, मुलीचे मित्र-मैत्रिणी; ज्यांना व्हॉट्सअ‍ॅपवरच जाणार आहे ते वगळून. हजाराचे बहुतेक वेळा चारशे-साडेचारशे होतात. उरलेल्या पत्रिका माळ्यावर जातात आणि दहा वर्षांनी दिवाळीच्या आवराआवरीत सापडतात.

पत्रकांचंही तसंच. रावेर-सावद्याकडच्या केळीवाल्यांसाठी टिश्यूकल्चर रोपांचं पत्रक असेल, तर किती शेतकऱ्यांच्या हातात ते खरोखर द्यायचंय? शिवारफेरी किती गावांत? आठ गावं, गावात पन्नास, म्हणजे चारशे. आकडा हातात आला की पुढचं गणित पाच मिनिटांचं.

पायरी २: बरोबरीचा आकडा काढा

प्रेसवाल्याकडून ऑफसेटचे दोन आकडे वेगवेगळे मागा. पहिला, प्लेट, सेटिंग आणि वाया जाणारा कागद मिळून एकदाचा खर्च. दुसरा, त्यानंतर दर नगाला कागद आणि छपाई. डिजिटलचा एकच आकडा असतो, दर नगाचा. आता एकदाच्या खर्चाला दोन्हींच्या दरनगी फरकाने भागा.

समजा, ए-फोर आकाराचं एका बाजूचं रंगीत पत्रक आहे. डिजिटलला नगाला १० रुपये. ऑफसेटला एकदाचे ३,००० रुपये आणि पुढे नगाला २ रुपये. हे भाव समजण्यापुरते घेतलेत, तुमच्या गावचे तुम्ही घाला. ३,००० भागिले ८ म्हणजे ३७५. त्या आकड्याला दोन्हीकडे ३,७५० रुपयेच लागतात. त्याखाली डिजिटल, त्यावर ऑफसेट.

३०० पत्रकं हवी असतील तर डिजिटलचे ३,०००, ऑफसेटचे ३,६००. इथं प्रेसवाला म्हणणार, ‘अहो, दोन हजार जास्त द्या, हजार घेऊन जा, पाच रुपयाला पडेल.’ खोटं नाही बोलत तो. पण तुम्हाला तीनशेच वाटायची आहेत. म्हणजे माळ्यावर ठेवायच्या सातशे पत्रकांसाठी दोन हजार. ‘पाच रुपयाला’ हा शब्द ऐकला की माणसाचा हिशेब सुटतो, हे मी रोज बघतो.

या गणिताला एक अपवाद आहे, व्हिजिटिंग कार्डाचा. मोठ्या शहरांतले प्रेस अनेकांची कार्डं एकाच मोठ्या शीटवर लावून एकत्र छापतात, प्लेटचा खर्च सगळ्यांत वाटला जातो. त्यामुळे हजार कार्डं ऑफसेटवर आश्चर्य वाटेल इतकी स्वस्त पडतात. फक्त पार्सल यायला दिवस जातात आणि रंग तुमच्या मनासारखा जुळवून मिळत नाही. उद्याच्या मीटिंगला शंभर हवी असतील तर डिजिटल.

पायरी ३: मजकूर किती ठिकाणी बदलतो?

नुसता एकूण आकडा बघून फसायला होतं. यावलकडच्या एका बचत गटाच्या ताई लेबलं करायला आल्या होत्या. हजार नग म्हणाल्या. मी म्हटलं, हजार म्हणजे ऑफसेट. मग पिशवीतून एकेक पाकीट बाहेर निघालं: ज्वारीच्या बिबड्या, नागलीचे पापड, कुरडया, शेवया. चार वाणांची अडीचशे-अडीचशे. वजनं दोन. आणि पॅकिंगची तारीख दर खेपेला वेगळी. हे हजाराचं एक काम नसून अडीचशेची चार कामं होती, आणि त्यातही पहिल्या खेपेला कुठलं वाण किती खपेल हे कुणालाच माहीत नव्हतं.

चारही लेबलं एका ऑफसेट शीटवर बसवता आली असती, पण मग सगळी सारख्याच संख्येने निघणार आणि एकाचंही वजन बदललं तर प्लेट नवी. आम्ही डिजिटलवर केलं, प्रत्येकी शंभरने सुरुवात. दुसऱ्या खेपेला ताईंनी बिबड्यांची तीनशे मागितली, शेवयांची शून्य. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा, १४ आकडी नंबर पहिल्या खेपेत एका अंकाने चुकला होता, तोही स्वस्तात सुधारला गेला. स्टिकरवर ग्लॉस लॅमिनेशन मात्र केलंच, कारण तेलकट हाताने टोनर घासला जातो.

नावं बदलणारी कामं तर डिजिटलचीच: शाळेची प्रमाणपत्रं, संमेलनाचे बिल्ले, नंबर घातलेली कुपनं. एक्सेलची यादी द्या, प्रत्येक प्रतीवर वेगळं नाव येतं. यादी देण्याआधी एकदा मोठ्याने वाचून काढा. मशीन ‘पाटील’चं ‘पाटिल’ स्वतःहून करत नाही, तुमच्या यादीत जे असेल तेच छापतं.

साधं बिल बुक, पावती पुस्तक, एका रंगातलं, नंबर मारलेलं असं काम डिजिटलवर नेऊ नका. छोट्या ऑफसेटवर ते कितीतरी स्वस्त होतं. लेटरहेडही शक्यतो ऑफसेटचंच. टोनरने छापलेलं लेटरहेड पुन्हा ऑफिसच्या लेझर प्रिंटरमधून गेलं की त्या उष्णतेने तुमचा लोगो मऊ होऊन रोलरला चिकटू शकतो.

पायरी ४: वेळ

ऑफसेटची शाई ओली असते. प्लेट, छपाई, वाळणं, पाठपोट असेल तर दुसरी बाजू, मग कटिंग. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास लग्नाच्या तिथी दाट असल्या की मशीनचा नंबर लागायलाच दिवस जातात. डिजिटलचा कागद मशीनमधून बाहेर पडतो तो कोरडाच, लगेच कटिंगला. गंधमुक्तीची, म्हणजे माणूस गेल्यानंतरच्या विधीची, पत्रिका सकाळी सांगितली जाते आणि संध्याकाळी गावोगाव न्यायची असते. तिथं भावाचा प्रश्नच येत नाही.

पायरी ५: कागद, घडी आणि सोनेरी अक्षरं

ही पायरी मी सगळ्यात जास्त ताणतो, कारण इथं मी स्वतः मार खाल्लाय.

डिजिटल मशीनमध्ये कागद साधारण १३ बाय १९ इंचापर्यंतच जातो. जाडीला मर्यादा असते, बऱ्याच मशीनवर ३०० जीएसएमच्या (चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आसपास. खडबडीत, हातकागदासारख्या किंवा खोल टेक्स्चरच्या कागदावर टोनर खळग्यांत नीट उतरत नाही, ठिपके ठिपके राहतात. आणि टोनर कागदात मुरत नाही, वर थर होऊन बसतो. घडी पडली की तो थर फुटतो.

सुरुवातीच्या काळात एक पत्रिका केली. ३०० जीएसएम कार्ड, पूर्ण गडद लाल पार्श्वभूमी, मध्यभागी गणपती. छापून आली तेव्हा दृष्ट लागावी अशी. मी हाताने घडी घातली. गणपतीच्या पोटावरून आडवी पांढरी रेघ, कागद आतून दिसतोय. दोनशे पत्रिका तशाच. मुलीच्या वडिलांनी एक शब्द बोलला नाही, नुसतं पाहिलं. त्या दोनशे मी माझ्या खर्चाने पुन्हा काढल्या.

तेव्हापासून नियम: जाड कागदाला घडी असेल तर आधी क्रीजिंग, म्हणजे मशीनने खाच पाडून घेणं. शक्य तर वर लॅमिनेशन. घडीच्या रेषेवर गडद रंग टाळायचा. आणि घडी कागदाच्या धाग्याच्या दिशेने यावी. धागा कुठला हे ओळखायला कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहा. सहज वाकताना जिथं घडीची रेष येते, त्या रेषेच्या दिशेने धागा.

खरी सोनेरी चमक नुसत्या चार रंगांतून येत नाही, डिजिटलवरही नाही आणि ऑफसेटवरही नाही. येतो तो पिवळसर तपकिरी. सोनं हवं तर फॉइल किंवा स्क्रीन प्रिंटिंग. चारशे पत्रिका रंगीत डिजिटलवर आणि फक्त नावं फॉइलमध्ये, असं दोन्ही जोडून करता येतं.

आपल्या हवेचाही यात हात असतो. मे महिन्यात जळगावचा पारा ४४-४५ ला गेला की कागद वाळून खडखडतो. त्यात स्थिर वीज धरते, दोन शीट एकमेकांना चिकटून आत जातात, कागद वळतो. पावसाळ्यात उलट, कागद ओल धरतो, कडा लाटांसारख्या होतात, मशीन अडतं. स्वतः कागद आणून देणार असाल तर रिम फोडू नका, प्लॅस्टिकसकट द्या. आदल्या दिवशी आणून प्रेसच्याच खोलीत ठेवलात तर आणखी चांगलं.

पायरी ६: रंगाबद्दल खरं काय ते ऐका

मोबाइलवर दिसणारा रंग प्रकाशाचा, छापलेला रंग शाईचा. भगवा, झेंडूचा केशरी, पोपटी हे चार रंगांच्या छपाईत हमखास मंदावतात. मंडळाचा झेंडा स्क्रीनवर पेटलेला दिसतो आणि कागदावर विटकरीकडे झुकतो. ऑफसेटवर त्यासाठी खास शाई बनवून पाचवा रंग टाकता येतो. साध्या डिजिटल मशीनवर ती सोय नसते. गडद निळ्यात मजेंटा जास्त असेल तर तो जांभळा उमटतो.

मोठ्या सपाट रंगाच्या पट्ट्यात डिजिटलवर कधी कधी फिकट रेघा दिसतात. डिझाइनमध्ये थोडं टेक्स्चर किंवा चित्र असेल तर त्या लपतात.

एक सोय मात्र मोठी आहे. डिजिटलवर तुम्ही पाहिलेली नमुना प्रत ज्या मशीनवर, ज्या कागदावर निघते त्यावरच बाकीचं काम निघतं. ऑफसेटचा प्रूफ बहुधा दुसऱ्याच प्रिंटरवरचा असतो, खरा रंग मशीनवर उभं राहूनच कळतो. पहिली खेप डिजिटलवर आणि दुसरी ऑफसेटवर करणार असाल तर दोन्ही शेजारी ठेवल्यावर फरक दिसणार, हे आधीच मान्य करा.

पायरी ७: फाइल

फाइल पीडीएफ द्या. मराठी मजकुराची तर पीडीएफच द्या. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधली उघडी फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर गेली की ‘सौभाग्यकांक्षिणी’ची जी दशा होते ती वाचवत नाही. युनिकोड असेल तरी जुन्या सॉफ्टवेअरमध्ये रफार सरकतो, जोडाक्षरं सुटतात. फॉन्ट एम्बेड करा (फाइलमध्येच बसवा) किंवा अक्षरांचे कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांची चित्रं करून टाका. आणि कर्व्ह करण्याआधीची फाइल जपून ठेवा, नाहीतर एक वेलांटी बदलायला सगळं पुन्हा टाइप करावं लागतं.

चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड ठेवा, म्हणजे रंग-चित्र कापायच्या रेषेबाहेर तेवढं वाढवा; महत्त्वाचा मजकूर कडेपासून तेवढाच आत. पाठपोट छपाईत मागची बाजू थोडी सरकते, म्हणून कडेला बारीक चौकट काढूच नका. ती एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक दिसते.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला की तो दाबून लहान होतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. ४ बाय ६ इंचात छापायच्या फोटोला १२०० बाय १८०० पिक्सेल असले की ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) भरतात.

आणि काळी अक्षरं फक्त काळ्या रंगातच आहेत का ते बघून घ्या. चार रंगांच्या मिश्रणातून बनलेला काळा असला तर अक्षरांच्या कडा धुरकट येतात, शिवाय मशीन ते पान रंगीत म्हणून मोजतं. शंभर पानांच्या काळ्या-पांढऱ्या प्रबंधात पानाच्या तळाशी एक निळी रेघ ठेवली, तर शंभरही क्लिक रंगीत. विद्यापीठात पीएच.डी. सादर करणाऱ्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं.

पुस्तक असेल तर

अहिराणी कवितांचा संग्रह, आजोबांच्या आठवणी, गावाचा इतिहास अशी पुस्तकं डिजिटलमुळे छापली जाऊ लागली, नाहीतर ती वहीतच राहिली असती. ९६ पानांचं डेमी आकाराचं, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंचाचं पुस्तक ऑफसेटवर १६ पानांच्या सहा फॉर्मांत, म्हणजे एकत्र छापायच्या सहा गटांत, जातं. सहाही फॉर्मांच्या प्लेटा आणि सेटिंग शंभर प्रतींवर लादलं की एका प्रतीचा भाव ऐकवत नाही. डिजिटलवर आतली पानं काळी, कव्हर रंगीत, शंभर प्रती. प्रकाशनाला साठ गेल्या, वाचणाऱ्यांनी चुका दाखवल्या, त्या दुरुस्त करून पुढच्या पन्नास. हजार प्रती लागणार हे ग्रंथालयांच्या मागणीवरून नक्की असेल तरच ऑफसेट. दिवाळी अंकासारखं जाहिराती असलेलं, ठरलेल्या दिवशी हजारोंनी जाणारं काम अर्थातच ऑफसेटचं.

पिन मारायची असेल तर पानं चारच्या पटीत ठेवा. चिकटवलेलं बाइंडिंग असेल तर कण्याची जाडी कागद ठरल्यावरच प्रेसला विचारा आणि मग कव्हर बनवा.

निवडणुकीचं पत्रक

‘शंभरच आहेत, डिजिटलवर काढून द्या, नाव टाकायची गरज नाही’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२७ अ प्रमाणे निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक दोघांचंही नाव-पत्ता लागतो. प्रकाशकाने दोन ओळखीच्या माणसांच्या साक्षीने सही केलेलं प्रतिज्ञापत्र दोन प्रतींत मुद्रकाला द्यावं लागतं. हाताने नक्कल करणं सोडून प्रती वाढवण्याचा कुठलाही प्रकार या कलमात छपाईच धरलाय, म्हणजे झेरॉक्ससुद्धा.

पायरी ८: एक प्रत हातात घ्या

डिजिटल निवडलंत तर एक नमुना प्रत खऱ्या कागदावर काढून घ्याच, तिचे पैसे द्यावे लागले तरी. ती टेबलावर ठेवून पाहू नका. घडी घाला, पाकिटात घालून काढा, अंगठ्याने गडद भाग जोरात घासा. टोनर अंगठ्यावर आला तर कागद त्या मशीनला झेपत नाहीये, किंवा मशीनवर त्या जाडीचं सेटिंग लावलेलं नाही. तारीख, वार, तिथी एकमेकांशी जुळतात का ते पंचांग उघडून बघा. घरातल्या ज्या माणसाने मजकूर लिहिलेला नाही त्याला वाचायला द्या. मग त्याच प्रतीवर सही करा, खाली संख्या लिहा आणि ती प्रेसवाल्याकडे ठेवा. माल घ्यायला जाल तेव्हा गठ्ठ्याच्या मधली एक काढून तिच्याशेजारी धरा. वरची नको, वरची सगळे चांगलीच ठेवतात.